अठरा जणी, चार सीटा

आमच्या संस्थेचं काम असं आहे: माणसाला जे येतं ते त्याला येत नाही, हे आधी कागदावर सिद्ध करायचं. मग तीन दिवस तेच त्याला शिकवायचं, आणि शेवटी आता येऊ लागलं म्हणून प्रमाणपत्र द्यायचं. मी या कामाची समन्वयक. नाव धनश्री, शिक्षण एमएस्सी ॲग्री, नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. वर्षातला एक महिना मी कागदोपत्री बेकार असते. त्या महिन्यातही राबतेच, कारण पुढचा करार व्हायचा असतो.

यंदा डिसेंबरात माझ्या वाट्याला बेलापूर आलं. विषय, ग्रामीण शेतमजूर महिलांसाठी कांदा लागवड यंत्राचं प्रशिक्षण. मशीन एका कंपनीचं, ते शिकवायला पुण्याहून आलेला पार्थ नावाचा इंजिनिअर, शेत आबासाहेबांचं आणि मजूर महिला झुंबरबाईच्या टोळीतल्या. अठरा जणी. संस्थेला वीस हव्या होत्या, पण दोघींनी कांदा खुरपायचा आहे म्हणून आधुनिक तंत्रज्ञानाला नकार दिला.

झुंबरबाई मूळची पाथर्डीकडची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला इकडं आली आणि इकडंच राहिली. तीस वर्षं ती कांदा लावते आहे. आता पंचावन्नची असेल, पण वाफ्यात बसली की पंचविशीतल्या पोरी तिच्या मागं राहतात. आबासाहेबांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा सगळा उन्हाळ कांदा तिची टोळी लावते. मार्गशीर्षात सुरू झालं की माघ लागेपर्यंत उसंत नसते, आणि या दीड-दोन महिन्यांच्या कामावर अठरा घरांचं वर्ष निघतं. बाकीच्या दिवसांत मिळेल ते खुरपण, मिळेल तो रोज.

पहिला दिवस समाजमंदिरात. सुरुवात हजेरीनं. हजेरी अंगठ्यावर घ्यायची असा वरून नियम आहे, म्हणजे खोटी माणसं दाखवता येत नाहीत. यंत्रानं अठरापैकी अकरा खऱ्या बायका नाकारल्या. माती, राख आणि कांद्याच्या रोपानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. झुंबरबाईनं अंगठा पदराला पुसून पाच वेळा लावला, मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "म्याडम, म्या हाय. तुमी बघा की म्या हाय." मी तिला वहीत हातानं हजर लावलं.

मग पूर्वचाचणी. पहिला प्रश्न, कांद्याची दोन रोपं किती अंतरावर लावावीत. झुंबरबाईनं चार बोटं जुळवून वर अंगठा धरला आणि हात माझ्यापुढं केला. मी पट्टी लावून पाहिली, बरोबर दहा सेंटिमीटर. पण फॉर्मवर हातासाठी चौकट नव्हती. त्यामुळं हे उत्तर 'अनुत्तरित' गेलं, पुढचीही तशीच गेली, आणि झुंबरबाईला कांदा लागवडीत शंभरपैकी शून्य गुण मिळाले. संस्थेला अशीच माणसं हवी असतात, म्हणजे नंतर प्रगती छान दिसते.

पार्थनं पडदा लावून कुठल्यातरी परदेशातल्या शेताची फिल्म दाखवली. मैलभर लांब वाफे, त्यात मशीन संथ चाललेलं, मागं सरळ हिरव्या रेघा. पोरगा मनानं वाईट नव्हता. मशीनबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा, जसा काहींचा आईबद्दल बोलताना उजळतो.

"सर, ह्या रानात मान्सं दिसनात कुटं," सत्यशीलानं विचारलं. ती टोळीतली सगळ्यात शिकलेली, बारावी पास आणि जिभेनं तिखट.

"तीच तर गंमत आहे ताई," पार्थ आनंदानं म्हणाला.

"आन आपल्या मशीनवर सीटा किती?"

"चार. चौघी बसणार, हातातलं एकेक रोप या फिरत्या पेल्यांत टाकत जाणार. बाकी सगळं मशीन करणार."

"आमी अठरा हाव."

पार्थनं माझ्याकडं पाहिलं. असे प्रश्न माझ्या खात्यात येतात. कौशल्य कधी वाया जात नाही, असं मी म्हणाले. हे वाक्य संस्थेनं आम्हाला लोणावळ्याच्या शिबिरात दोन दिवस शिकवलं होतं.

"वाया जात न्हाई मानलं. पन जातं कुटं त्ये सांगा," सत्यशीला म्हणाली. मी चहाची सुट्टी जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी मशीन रानात उतरलं. लाल-पांढरं, ट्रॅक्टरमागं जोडायचं, चार सीटा मागं तोंड करून. बायका आलटून पालटून बसल्या. पेल्यात रोप टाकणं त्यांना दहा मिनिटांत जमलं. पण पुढचं काम मशीनचं होतं. कुठं रोप आडवं पडलं, कुठं दोन एकत्र गेली, कुठं मुळं वर आणि पात मातीत. कुठं नुसतंच भोक पडलं आणि रोप गेलं कुठं हे देवाला ठाऊक. बेलापूरची काळी माती त्या फिल्ममधल्या मातीसारखी वागायला तयार नव्हती. पार्थनं दुपारपर्यंत स्क्रू पिळले. मोजणी केली तर शंभरात एकाहत्तर रोपं नीट उभी.

आबासाहेब सकाळपासून बांधावर उभे होते. माणूस सरळ, खोटं बोलायचा नाही आणि ऐकूनही घ्यायचा नाही. त्यांनी पार्थला आमच्यासमोरच सांगितलं, "पाव्हनं, उद्या पंच्यान्नवच्या वर गेलं तर मशीन घेतो. माजे भाऊबंद बी घेतील, त्ये माज्या त्वांडाकडं बघून चालत्यात. पन खाली आलं तर आलं तसं माघारी न्यायचं. माज्या रानात नांग्या चालत न्हाईत."

नांगी म्हणजे ओळीत रोप चुकून राहिलेली रिकामी जागा. ही गोष्ट झुंबरबाईच्या टोळीत किती गंभीर आहे हे मला तीन दिवसांत कळलं. जिच्या ओळीत नांगी निघेल तिचं नाव मागची बाई सगळ्या रानात ओरडून घेते आणि नावाआधी तिच्या माहेरचं गाव लावते. म्हणजे लाज एकटीची जात नाही, सगळ्या गावाची जाते. एका सुनेची दोन वर्षांपूर्वी निघालेली नांगी परवा तिच्या लेकराच्या बारशालाही सांगितली गेली होती. आमच्या संस्थेत गुणवत्ता नियंत्रणाचा सत्तावीस पानी आराखडा आहे. त्याला कुणीही भीत नाही.

त्या दुपारी बायका लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. मी जवळच बसले होते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. प्रोजेक्टरपुढं माणूस बोलायचं थांबत नाही, तसं.

"ऐका," झुंबरबाई म्हणाली. "मशीन त्येच्या गुनानं पडंल. आपुन त्येला पाडायचं न्हाई, तसलं पाप नगं. पन उचलायचं बी न्हाई. उद्या चौघी सीटावर बसतील, बाकीच्या मागं मागं नुस्तं चालायचं. कोनी खाली वाकायचं न्हाई. रोप पडू द्या, वाळू द्या, आपलं काय जातंय. जी वाकंल तिचं नाव म्या घेनार, माहेरासकट."

सगळ्या माना हलल्या. काही न करणं एवढंच करायचं होतं. इतका सोपा लढा मी आजवर पाहिला नव्हता. मला मनापासून बरं वाटलं, हेही सांगून टाकते. प्रात्यक्षिक यशस्वी झालं तर माझा करार वाढायची आशा होती, आणि तरी मी देवाला म्हणत होते की हे मशीन उद्या पडू दे. मी दोन्हीकडून जेवणारी बाई आहे. पगार संस्थेचा खाते आणि जीव मजुरांसाठी तोडते, तोही घरी गेल्यावर.

तिसऱ्या दिवशी बांधावर मंडप. फलकावर माझ्या संस्थेचं नाव मोठं, कंपनीचं त्याहून मोठं आणि 'शेतमजूर महिला' हे शब्द खाली, जिथं फलकाला सुरकुती पडते तिथं. नारळ फुटला. आबासाहेबांनी भाषण केलं. आज शेतीला मजूर मिळत नाही, ही सगळ्यात मोठी अडचण आहे, असं त्यांनी अठरा मजुरांपुढं उभं राहून सांगितलं, आणि अठराही जणींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कधी वाजवायच्या हे मी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं.

दहा गुंठ्यांचा तुकडा आखून ठेवला होता. चौघी सीटांवर बसल्या, त्यांत सत्यशीला. उरलेल्या चौदा जणी मागं. त्यांच्या हातात रोपांच्या जुड्या होत्या, कारण सीटवरच्या बायकांना रोप संपलं की पुरवायचं होतं. ट्रॅक्टर निघाला. पार्थ मोबाईल धरून ट्रॅक्टरच्या पुढं उलटा चालू लागला, मशीनचा व्हिडिओ घेत. आबासाहेब मंडपातल्या पाहुण्यांना घेऊन चहाला विहिरीकडं गेले. मशीनच्या मागं काय चाललंय हे पाहणारी मी एकटीच उरले.

पहिली खेप निभावली. झुंबरबाई दोन्ही हात पाठीमागं बांधून चालत होती. मान ताठ, नजर समोर लिंबाच्या झाडावर. तिच्या पायाशी एक रोप आडवं पडलं होतं, ती त्याला ओलांडून गेली. पुढं दोन हात लांब नांगी होती, तीही ओलांडली. बाकीच्या तेरा जणी तिच्याकडं बघून तशाच चालत राहिल्या. कुणाचं तरी मयत पोचवायला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या खेपेला एक रोप मुळं वर करून पडलं होतं. ऊन चढलं होतं, मुळं पांढरी होती ती सुकून पिवळी होऊ लागलेली. झुंबरबाई त्याच्यापुढं गेली. चार पावलं गेली असेल. मग थांबली, मागं आली आणि पायाच्या अंगठ्यानं त्याच्यावर थोडी माती ढकलली. हे वाकणं नव्हतं, त्यामुळं नियम मोडला असं म्हणता येत नव्हतं. पण अंगठ्यानं रोप उभं राहत नाही. तिनं इकडं तिकडं पाहिलं, खाली बसली, रोप उपटून सुलटं केलं, बोटानं भोक पाडून लावलं आणि दोन्ही बाजूंनी माती दाबली. तीन सेकंदही लागले नसतील. मग शेजारचं दिसलं. मग त्याच्या शेजारचं. त्यानंतर ती उठलीच नाही, बसल्या बसल्या पुढं सरकत गेली.

मुकादमीणच बसली म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाची वाट पाहायची. एकेक करून तेराही जणी वाफ्यांत उतरल्या. जुड्या सुटल्या, बोटं चालू झाली. मशीन जे जे विसरत होतं ते ते त्या मागून भरत होत्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा आपसांत हसून बोलत होत्या. मी इतकी वर्षं प्रशिक्षणाची कामं करते आहे, पण शिकलेल्या माणसांचं काम असं डोळ्यांपुढं चालताना मी फारसं पाहिलेलं नाही.

सत्यशीलाचं तोंड मागं होतं, त्यामुळं तिला सगळं दिसत होतं. तिनं आधी हातवारे केले. मग गळा काढून नाव घेतलं, ठरल्याप्रमाणे माहेरासकट, "टाकळीमानूरची झुंबर वाकली." ट्रॅक्टरच्या आवाजात ते वाफ्यांतल्या कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती बाई इरेला पेटली. एकेक पेला रिकामा सोडू लागली. ठरवून, दात-ओठ खाऊन, हातात रोप असून टाकेना. मागं नांग्यांची रांगच लागली. चौदा जणींनी तीही भरून काढली. उलट आता हाताला लय आल्यामुळं त्या जास्त नीट भरत होत्या.

मी काय केलं? मी त्यांना थांबवू शकले असते. ओरडू शकले असते, की बायांनो, ठरलं होतं काय आणि करताय काय. मी वहीत डोकं खुपसलं आणि तारीख लिहिली. तारीख मी सकाळीच लिहिली होती.

तुकडा संपला. ट्रॅक्टर बंद झाला तशा चौदा जणी पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. सत्यशीला सीटवरून उतरली ती सरळ झुंबरबाईपुढं.

"मावशे, तूच म्हनलीस वाकू नका."

"म्हनले हुते."

"मंग?"

झुंबरबाई मातीनं भरलेल्या बोटांकडं बघत राहिली. "उताणं पडलं हुतं गं. उन्हात. आपल्या म्होरं."

"मशीननं पाडलं हुतं. आपुन न्हाई."

"पडल्यावर कोनी पाडलं त्येला काय इचारायचं." मग म्हणाली, "मला न्हाई जमलं. तुला जमलं, तू शानी हायेस." यात टोमणा नव्हता. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती पाण्याच्या जारकडं गेली.

पार्थनं दोरी धरून पाच ठिकाणी मोजणी केली. दुसऱ्या ठिकाणापासूनच त्याचा आवाज चढायला लागला. शेवटी त्यानं कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. अठ्ठ्याण्णव. काल रात्री लॉजवर बसून आपण माती दाबणाऱ्या चाकाचा कोन बदलला, त्याचाच हा परिणाम असं त्यानं आबासाहेबांना समजावून सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला त्याचीही कीव आली. हा कोन आता सगळ्या महाराष्ट्राला लागणार होता.

आबासाहेब वाफ्यांतून एक चक्कर मारून आले. सरळ माणूस, शब्दाला जागला. "घेतलं मशीन," ते म्हणाले.

माझ्याकडं अहवालाचा फॉर्म आला. त्यात 'निरीक्षकाचा शेरा' अशी दोन ओळींची जागा असते. लागवड हातानं झाली, एवढे तीन शब्द तिथं आरामात मावले असते. पार्थ माझ्याशेजारी उभा होता. मला मार्चमधला करार आठवला, आईच्या औषधांची पिशवी आठवली, आणि खरं सांगायचं तर भरल्या मंडपात सगळ्यांचा विरस करायचा संकोचही वाटला. मी 'अत्यंत समाधानकारक' असं लिहून सही केली. मला लाज वाटली. सही मात्र एका दमात झाली.

प्रमाणपत्रं वाटली. अठराही जणींना, लॅमिनेशन केलेली. पूर्वचाचणीत शून्य मिळवणारी झुंबरबाई आता 'कांदा लागवड यंत्रचालक, श्रेणी अ' झाली. तिनं प्रमाणपत्र ऊन लागू नये म्हणून डोक्यावर धरलं.

टेम्पो आला. बायका चढू लागल्या तसे आबासाहेब झुंबरबाईजवळ आले. आवाजात दरडावणी नव्हती, रोजचंच बोलणं होतं.

"झुंबरबाई, सोमवारपासून चारच जनी लावून दे. तरन्या बघून दे, दिवसभर सीटावर बसायचं हाय. तुजं आता वय झालं, तू घरी आराम कर."

"आन बाकीच्या, मालक?"

"बाकीच्यांचं बघू. खुरपायला लागतीलच की कवा तरी."

"बरं," झुंबरबाई म्हणाली. आबासाहेब पाहुण्यांकडं गेले. ती टेम्पोची फळी सोडून माझ्याकडं आली. मला वाटलं आता ही मला विचारणार, म्याडम, तुमी तर समदं बघितलं, मग बोलला का न्हाईत? मी उत्तर जुळवत होते.

"म्याडम, किती भरलं म्हनं?"

"अठ्ठ्याण्णव."

"शंभरात?"

"हो, शंभरात."

तिनं वळून रानाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते काम गेल्याचं दुःख नव्हतं, ते अजून पोचायचं होतं. कुणीतरी माहेरचं गाव लावून नाव घेतल्यासारखा तो चेहरा होता.

"मंग दोन कुटं ऱ्हायली?"

मी तिला सांगितलं की ही सरासरी असते, पाच ठिकाणी मोजून काढलेली, शंभर कधीच येत नसतं. तिनं ऐकून घेतलं नाही. प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं, टेम्पोत खाली पडलेल्या जुडीतली चार रोपं उचलली आणि बांध उतरून वाफ्यात गेली. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. सत्यशीला फळीवर बसून होती. पार्थ मशीन पुसत होता. झुंबरबाई ओळीओळीनं वाकून बघत चालली होती, आणि तिसऱ्या वाफ्यात ती खाली बसलेली मला दिसली.